खर्च गुणाकाराचा, लाभ बेरजेचा

मोबाइलवर बुद्धिबळाचे इंजिन चालू केले की पटाच्या कडेला एक आकडा धावू लागतो. ८, १२, १५ भराभर येतात, १८ ला त्याला जरा दम लागतो, २२ नंतर तो रेंगाळतो आणि त्यापुढे मोबाइल हाताला गरम लागायला लागतो. शेजारीच दुसरा आकडा असतो, +०.४ किंवा -१.२ असा. कोण वरचढ आहे हे तो सांगतो, म्हणून सगळ्यांची नजर त्याच्यावर. पहिल्याकडे फारसे कोणी बघत नाही. पण दुसऱ्यावर किती भरवसा ठेवायचा हे पहिल्यावरूनच ठरते. पहिला आकडा म्हणजे डेप्थ, खोली. समोरच्या स्थितीपासून किती चाली पुढचे पाहून इंजिन बोलते आहे, त्याचा हा हिशेब.

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीतले दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले होते. जलद डावांतला पहिलाही बरोबरीत गेला आणि दुसरा तिने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. वय १९. त्या विजयाबरोबर ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. तिच्याआधी नागपूरनेच २०१९ मध्ये रौनक साधवानी आणि २०२१ मध्ये संकल्प गुप्ता हे ग्रँडमास्टर दिले होते.

नागपूरहून चंद्रपूर रेल्वेने काही तासांचे. गडचिरोलीची गोष्ट वेगळी. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला वडसा स्टेशन आहे, पण आल्लापल्ली, भामरागड, सिरोंचा इकडे जायचे तर जंगलातून एसटीने किंवा जीपने. तिथल्या एखाद्या मुलीला बुद्धिबळाचे वेड लागले, तर ग्रँडमास्टर प्रशिक्षक मिळणे दूरच, तोडीचा प्रतिस्पर्धी मिळायचीही मारामार. मिळतो तो मोबाइल आणि त्यात फुकट उतरवून घेता येणारे स्टॉकफिश हे इंजिन. एकदा उतरवले की रेंज नसली तरी चालते. अशा मुलीने दिव्याचा एखादा डाव आपल्या स्वस्तातल्या मोबाइलवर तपासला आणि तोच डाव कुणी भल्यामोठ्या सर्व्हरवर तपासला, तर दोघांच्या उत्तरात फरक किती पडेल? या प्रकरणात त्याचाच हिशेब मांडायचा आहे.

एका प्लायने काय वाढते

पटावर एक चाल म्हणजे पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक, अशी जोडी धरतात. इंजिनाच्या जगात दोन्ही वेगवेगळ्या मोजतात आणि त्या एकेरी चालीला प्लाय म्हणतात. खोली १० म्हणजे दहा प्लाय, दोन्ही बाजूंच्या पाच-पाच चाली.

डाव मांडलेला आहे आणि पांढऱ्याने सुरुवात करायची आहे. त्याला २० चाली उपलब्ध आहेत : आठ प्याद्यांच्या प्रत्येकी दोन आणि दोन घोड्यांच्या प्रत्येकी दोन. काळ्याकडेही २० उत्तरे, म्हणजे दोन प्लायनंतर ४०० शक्यता. तिसऱ्या प्लायला ८,९०२, चौथ्याला १,९७,२८१, पाचव्याला ४८,६५,६०९, सहाव्याला ११,९०,६०,३२४ आणि सातव्याला ३१९ कोटी ५९ लाख. आठव्या प्लायला हाच आकडा साडेआठ हजार कोटींच्या घरात जातो. अजून दोघांच्या चारच चाली झालेल्या असतात. बहुतेक डावांत एवढ्यात किल्लेकोटसुद्धा झालेला नसतो.

डाव मध्यावर आला की दर वेळी साधारण ३० ते ३५ चाली उपलब्ध असतात. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात हा हिशेब मांडला. सरासरी तीस पर्याय आणि चाळीस चालींचा डाव धरला तर संभाव्य डावांची संख्या एकावर १२० शून्ये इतकी होते. म्हणजे शेवटपर्यंत पाहणे कुठल्याच यंत्राला जमायचे नाही. कुठेतरी थांबावे लागणार आणि थांबल्या जागी अंदाज बांधावा लागणार : इथे पांढरा बरा की काळा, आणि किती? शॅननने यंत्रासाठी दोन रस्तेही सुचवले. एकात प्रत्येक चाल ठरावीक खोलीपर्यंत पाहायची. दुसऱ्यात आश्वासक वाटणाऱ्या मोजक्याच चाली निवडायच्या आणि त्या खोलवर न्यायच्या. पुढची सत्तर वर्षे प्रोग्रामर या दोन रस्त्यांमध्येच ये-जा करत राहिले.

न पाहता सोडून देण्याची कला

पहिला रस्ता दिसतो तितका महाग पडत नाही, याचे श्रेय अल्फा-बीटा नावाच्या छाटणीला जाते. कल्पना साधी आहे. समजा, माझ्याजवळ एक चाल तयार आहे आणि ती खेळली तर डाव समसमान राहतो, हे मी तपासून पाहिले आहे. आता मी दुसरी चाल तपासायला घेतली. तिला प्रतिस्पर्ध्याचे पहिलेच उत्तर असे निघाले की माझा वजीर फुकट जातो. त्याच्याकडे आणखी ३४ उत्तरे आहेत. त्यांतली काही याहूनही घातक असतील, काही नसतील. मला ती पाहायचीच कशाला? ही चाल माझ्या हातातल्या चालीपेक्षा वाईट आहे एवढे सिद्ध झाले, पुरे. ती टाकायची आणि पुढे जायचे.

यात उत्तराचा काटा कुठेही हलत नाही. सगळे पाहून जे उत्तर मिळाले असते तेच मिळते, फक्त काम घटते. किती घटते ते पाहा. ३५ पर्याय आणि आठ प्लाय खोली धरली, तर सगळ्या शक्यता दोन लाख कोटींहून जास्त. चाली नेमक्या चांगल्यापासून वाईटाकडे अशा क्रमाने तपासल्या, तर अल्फा-बीटाला त्यांतल्या सुमारे ३० लाखच पाहाव्या लागतात. डोनाल्ड कनूथ आणि रोनाल्ड मूर यांनी १९७५ मध्ये याचे गणित पक्के केले. सर्वांत चांगल्या परिस्थितीत तेवढ्याच कष्टात जवळजवळ दुप्पट खोली गाठता येते.

मात्र यात एक मेख आहे. चांगली चाल आधी तपासली तरच छाटणी होते आणि चांगली चाल कोणती हे तर अजून शोधायचेच आहे. म्हणून इंजिन थेट वीस प्लायला हात घालत नाही. आधी एक प्लाय, मग दोन, मग तीन असे उतरत जाते आणि प्रत्येक फेरीत मिळालेला क्रम पुढच्या फेरीत वापरते. पडद्यावर खोलीचा आकडा एकेकाने वाढताना दिसतो तो यामुळेच.

दिसण्याच्या हद्दीपलीकडे

खोली वाढली की ताकद का वाढते, हे एका छोट्या स्थितीत लख्ख दिसते. पटावर तीनच मोहरे ठेवा. पांढऱ्याचा राजा एच१ वर, पांढरे प्यादे ए४ वर, काळा राजा जी५ वर. खेळी पांढऱ्याची. प्यादे निघते : ए५, काळा राजा एफ६. ए६, राजा ई७. ए७, राजा डी७. आणि ए८, प्याद्याचा वजीर. राजा धावला, पण पोचला नाही.

आता प्लाय मोजा. वजीर होतो तो सातव्या प्लायला. फक्त मोहऱ्यांच्या किमती जाणणारे एखादे साधे इंजिन घ्या, ज्याच्या लेखी प्यादे १, उंट किंवा घोडा ३, हत्ती ५, वजीर ९. सहा प्लाय पाहून ते सांगेल, पांढरा एका प्याद्याने वर. सात प्लाय पाहिले की तेच इंजिन म्हणेल, नऊ गुणांनी वर. मधल्या वेळात पटावरची एक काडीही हललेली नसते. फक्त एक प्लाय जास्त पाहिला गेला.

माणसाला हे सात प्लाय मोजावे लागत नाहीत. प्याद्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत मनात एक चौकोन आखायचा. प्यादे हलल्यावर काळा राजा आपल्या खेळीत त्या चौकोनात शिरू शकत नसेल तर प्यादे सुटले. हा नियम शिकवायला पाच मिनिटे लागतात. यंत्राने जे खोलीने मिळवले ते माणसाने ज्ञानाने मिळवले. हा सौदा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

हद्दीच्या पलीकडे काय आहे हे न दिसल्याने होणाऱ्या फसगतीला हान्स बर्लिनर यांनी १९७३ मध्ये 'क्षितिज परिणाम' असे नाव दिले. त्याचे एक रूप मोठे चमत्कारिक आहे. हद्दीच्या आत यंत्राला दिसते की आपला घोडा मरणार. मग ते मध्येच एखादा निरर्थक शह देते, एखादे प्यादे फेकते. तेवढ्याने घोड्याचे मरण दोन प्लाय पुढे, हद्दीबाहेर जाते आणि यंत्राच्या लेखी घोडा वाचतो! प्यादे मात्र जाते आणि नंतर घोडाही जातो.

माणसालाही क्षितिज असते. १९७२ साली रेक्याविकमध्ये बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की यांच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीतला पहिलाच डाव. २९व्या चालीला, बरोबरीकडे सरळ चाललेल्या शेवटात, फिशरने उंटाने एच२ वरचे प्यादे मारले. स्पास्कीने जी३ खेळून दार लावून घेतले आणि मग त्याचा राजा ई२, एफ३, जी२ असा शांतपणे चालत आला. उंट कोंडला गेला. फिशरला बदल्यात दोन प्यादी मिळाली, पण उंट पडला आणि पुढे डावही गेला. उंटाने प्यादे मारले तो पहिला प्लाय धरला, तर राजाने उंट मारला तो बारावा. पाच-सहा प्लाय पाहणाऱ्या त्या काळच्या प्रोग्रामला या चालीत फुकटचे प्यादेच दिसले असते. फिशरच्या मनात नक्की काय होते यावर अजून वाद चालतात. आजच्या इंजिनाला मात्र हा सापळा क्षणात दिसतो.

क्षितिजावर एक उपाय सगळी इंजिने करतात. ठरलेली खोली संपली तरी मारामारी चालू असेल तर मध्येच गुण द्यायचे नाहीत. मारामाऱ्या संपून पट शांत होईपर्यंत तेवढ्याच चाली पुढे पाहायच्या. ॲलन ट्युरिंग यांनी कागदावर लिहिलेल्या प्रोग्राममध्येही ही कल्पना होती. १९५२ मध्ये तो प्रोग्राम चालवायला संगणक नव्हता, तेव्हा ट्युरिंग स्वतःच कागद-पेन्सिल घेऊन यंत्राच्या जागी बसले होते. डाव त्यांचा प्रोग्राम हरला.

एका प्लायचे किती गुण

खोलीने ताकद वाढते हे पटले. पण किती? हे मोजायचे तर इंजिन तेच ठेवून फक्त खोली बदलायची आणि त्याला स्वतःशीच खेळवायचे. युनिक्स प्रणालीचे एक जनक केन थॉम्पसन यांनी बेल लॅब्जमध्ये हेच केले. त्यांनी आणि जो कॉन्डन यांनी 'बेल' नावाचे खास बुद्धिबळाचे यंत्र बनवले होते. १९८० साली ते संगणकांचे जगज्जेते झाले आणि १९८३ मध्ये अमेरिकेत मास्टर हा दर्जा मिळवणारे ते पहिले यंत्र ठरले. थॉम्पसन यांनी चार प्लाय पाहणाऱ्या बेलला पाच प्लायवाल्याशी, पाचवाल्याला सहावाल्याशी, असे नऊपर्यंत झुंजवले. खालच्या पायऱ्यांवर एकेका प्लायने तीनशेच्या आसपास गुणांकनाची वाढ झाली. आठवरून नऊवर जाताना ती सव्वाशेच्या आसपास उतरली.

या गुणांचा अर्थ असा. दोन खेळाडूंत २०० गुणांचे अंतर असले तर वरचा शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळवतो, ६६ चे अंतर असले तर ५९ च्या आसपास. अंतर शून्य असले तर दोघे ५०-५०.

६६ हा आकडा मुद्दाम घेतला. पोर्तुगालचे संशोधक दिओगो फेरेइरा यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हुदिनी या इंजिनाला ६ ते २० प्लाय अशा वेगवेगळ्या खोलींवर खेळवले. त्यांना दर प्लायमागे सरासरी ६६ गुण वाढलेले दिसले. म्हणजे सहा प्लायवाल्या आणि वीस प्लायवाल्या हुदिनीत नऊशेहून जास्त गुणांचे अंतर. गावातल्या चांगल्या खेळाडूत आणि ग्रँडमास्टरमध्ये असते तेवढे. एक सावधगिरी मात्र हवी. इंजिन स्वतःशीच खेळते तेव्हा खोलीचा फरक थोडा फुगून दिसतो, कारण दोघांचे ज्ञान सारखेच असते आणि जास्त पाहणाऱ्याला दुसऱ्याच्या मनातले सगळेच दिसते.

खोलीचा लाभ मोजायची आणखी एक रीत आहे. एक प्लाय जास्त पाहिल्यावर इंजिन आपले मत किती वेळा बदलते, ते मोजायचे. रॉबर्ट हायट आणि मॉन्टी न्यूबॉर्न यांनी १९९७ मध्ये क्राफ्टी या इंजिनाला शेकडो स्थिती देऊन १४ प्लायपर्यंत नेले. पहिल्या काही प्लायला दर तीन स्थितींपैकी एकीत नवी चाल पुढे येत होती. चौदाच्या आसपास हे प्रमाण सहा-सातात एकावर आले. म्हणजे मत बदलणे कमी होते, पण थांबत नाही.

इथे एक शंका साहजिक आहे. थांबल्या जागचा अंदाज चुकीचा असेल, तर खोल गेल्याने चूकच वाढणार नाही का? अमेरिकन संशोधक डाना नाऊ यांनी १९८० च्या सुमारास असे कृत्रिम खेळ रचून दाखवले की ज्यांत जास्त खोल पाहणारा खरेच वाईट खेळतो. बुद्धिबळात तसे होत नाही, कारण तिथल्या शेजारच्या स्थिती एकमेकींपासून सुट्या नसतात. राजा उघडा पडला की तो पुढच्या दहा चाली उघडाच राहतो, सुटलेले प्यादे सुटलेलेच राहते. वरचढपणा हळूहळू साचत जातो, म्हणून खोलवरून आलेली खबर वरच्या खबरेपेक्षा पक्की असते.

या सगळ्याचा मथितार्थ दोन ओळींत येतो. खोलीचा खर्च गुणाकाराने वाढतो आणि ताकद बेरजेने. आणि ती बेरीजही वर जाताना लहान होत जाते, कारण दोन्ही बाजू निर्दोषतेजवळ पोचल्या की डाव बरोबरीत सुटायला लागतात. आजच्या अव्वल इंजिनांच्या स्पर्धांत मुद्दाम एका बाजूला अवघड सुरुवात देऊन डाव चालू करतात. तसे केले नाही तर बहुतेक डाव बरोबरीतच संपतात.

२० म्हणजे सगळीकडे २० नव्हे

११ मे १९९७ रोजी आयबीएमच्या डीप ब्लू या यंत्राने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच असे हरवले. बुद्धिबळाच्या ४८० खास चिप, सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासण्याचा वेग आणि साधारण १२ प्लाय खोली, शिवाय महत्त्वाच्या ओळींवर आणखी बरेच खोल. शॅननच्या पहिल्या रस्त्याचा हा विजय मानला गेला.

बारा वर्षांनी, २००९ मध्ये, अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसला कोपा मर्कोसूर नावाची स्पर्धा झाली. तिथे पॉकेट फ्रिट्झ हा प्रोग्राम एका साध्या एचटीसी मोबाइलवर खेळला आणि दहा डावांत साडेनऊ गुण घेऊन पहिला आला. कामगिरीचे गुणांकन २,८९८. त्याचा वेग सेकंदाला २० हजार स्थितींपेक्षा कमी होता, डीप ब्लूच्या दहा हजारांश! तरी तो ग्रँडमास्टरांच्या वरच्या पंगतीत बसला. मधल्या काळात बदलले काय? छाटणी.

आधुनिक इंजिन सगळ्या चाली सारख्याच खोल नेत नाही. यादीत मागे असलेल्या, सामान्य दिसणाऱ्या चाली ते दोन, तीन, चार प्लाय कमी पाहते. काही स्थितींत ते स्वतःची खेळी चक्क सोडून देऊन बघते. खेळी न करताही आपण वरचढच राहत असू तर ती फांदी पुढे तपासायचे कारण नाही. उलट शह, एकमेव उत्तर, धोक्याची चाल दिसली की तिथे ते ठरल्यापेक्षा खोल उतरते. अल्फा-बीटाच्या छाटणीत उत्तर बदलत नव्हते. या छाटणीत चूक होण्याचा धोका पत्करलेला असतो. पण त्या बदल्यात कसलीच छाटणी नसताना एका प्लायमागे ३५ पटीने वाढणारे काम आता दुपटीपेक्षाही कमी वाढते. म्हणून मोबाइलवरचे २२ आणि बेलचे ९ एका मापाने मोजता येत नाहीत. दोन वेगळ्या इंजिनांचे २२ देखील नाही. आकडा फक्त त्याच इंजिनाच्या कालच्या आकड्याशी ताडून बघावा.

दुसरा बदल थांबल्या जागच्या अंदाजात झाला. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरो या प्रोग्रामने त्या वेळच्या स्टॉकफिशशी शंभर डाव खेळून २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. स्टॉकफिश सेकंदाला सात कोटी स्थिती पाहत होते, अल्फाझीरो ८० हजार. समजा, ताडोबाच्या जंगलात मोहर्ली गेटातून दोन जिप्सी आत शिरतात. एक सगळे रस्ते पिंजून काढते. दुसरीतला गाइड वानराचा, चितळाचा कॉल ऐकून एका पाणवठ्याजवळ गाडी उभी करायला लावतो. वाघ दिसण्याची संधी दुसरीला जास्त, कारण कुठे बघायचे हे तिला ठाऊक असते. स्वतःशी लाखो डाव खेळून अल्फाझीरोचे न्यूरल नेटवर्क असेच तयार झाले होते.

स्टॉकफिशवाल्यांनी यातून धडा घेतला. जपानी बुद्धिबळ शोगीसाठी यू नासू यांनी २०१८ मध्ये एक छोटे, चपळ न्यूरल नेटवर्क रचले होते. २०२० मध्ये तेच तंत्र स्टॉकफिशमध्ये आले. आता खोलीही आहे आणि जाणही. प्याद्याच्या चौकोनात दिसलेला सौदा तो हाच. जाण जितकी चांगली, तितके कमी प्लाय पुरतात.

खोलीला खरोखर हरवणारी एकच जागा उरते, ती म्हणजे शेवट. पटावर सात किंवा कमी मोहरे उरले की उत्तरे आधीच काढून कोष्टकात साठवलेली आहेत. २०१२ मध्ये मॉस्कोच्या लोमोनोसोव्ह महासंगणकावर झालेल्या गणनेत एका स्थितीत मात व्हायला पाचशेहून जास्त चाली लागतात असे निघाले. हजाराहून अधिक प्लाय. तिथे शोध घेणे व्यर्थ, कोष्टकात बघणे सोपे.

भामरागडचा मोबाइल

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. समजा, मोठा सर्व्हर त्या मुलीच्या मोबाइलपेक्षा शंभरपट वेगवान आहे. दर प्लायला काम दुप्पट धरले, तर शंभरपट वेग म्हणजे सहा-सात प्लाय. दुपटीपेक्षा कमी धरले तर आणखी दोन-तीन. म्हणजे सर्व्हर ज्या वेळात ३० ला पोचतो, तेवढ्यात तिचा मोबाइल बाविशीच्या आसपास. ही दरी इंजिनांच्या आपसातल्या स्पर्धेत मोठी आहे. पण माणसाला लागणाऱ्या उत्तरात ती जवळजवळ नाहीच. जगज्जेता राहिलेल्या मॅग्नस कार्लसनचे २०१४ मधले सर्वोच्च गुणांकन २,८८२. आजचे स्टॉकफिश साध्या मोबाइलवर काही सेकंदांत त्याच्या वर गेलेले असते.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा मोबाइल स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. वेग निम्मा झाला तरी खोली सुमारे एकाने घटते, २२ चे २१. उन्हाने बुद्धिबळाचे नुकसान होते ते खेळणाऱ्याचे, इंजिनाचे नव्हे.

तेव्हा महाग मोबाइलसाठी हट्ट धरण्यात अर्थ नाही. आकडा ३० पर्यंत जाण्याची वाट बघत बसण्यातही नाही. उपयोगी गोष्ट वेगळीच आहे. खोली ८, १४ आणि २० ला उत्तर काय होते ते पाहावे. तिन्ही वेळा तीच चाल निघाली तर स्थिती सरळ आहे, पुढे चला. आठला एक चाल आणि चौदाला भलतीच निघाली तर दोन्हींच्या मध्ये कुठेतरी डावपेच दडला आहे. तो शोधायचा. कुठल्या प्लायला काय बदलले हे हाताने चाली लावून पाहायचे, जसे ए-पट्टीतल्या प्याद्याचे पाहिले. वीसलाच बदल झाला तर तो माणसाच्या आवाक्याबाहेरचा असण्याची शक्यता जास्त. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी १९४० च्या दशकात थोर आणि साध्या खेळाडूंना मोठ्याने विचार करायला लावून अभ्यास केला होता. थोर खेळाडू फार जास्त खोल बघत नव्हते. कोणत्या दोन-तीन चाली बघायच्या, एवढे त्यांना आधी कळत होते.

ही निवड इंजिन दाखवते, शिकवत नाही. ती समोरासमोर बसून, घड्याळ चालू असताना, हरून शिकावी लागते. दिव्याची पिढी नागपुरात घडली ती एका शहरात पुष्कळ स्पर्धा, पुष्कळ प्रतिस्पर्धी आणि प्रशिक्षक होते म्हणून. यंत्राच्या बाबतीत भामरागड आणि बाटुमी यांच्यातले अंतर आता सात-आठ प्लायचे उरले आहे. माणसांच्या बाबतीत ते अजून पूर्वीइतकेच आहे. आल्लापल्लीच्या एखाद्या शाळेत दर रविवारी वीस मुलांची, घड्याळ लावून, चाली लिहून घेतलेली स्पर्धा भरली, तर तिथल्या खेळाला त्याचा जेवढा फायदा होईल, तेवढा कुठल्याही महागड्या प्रोसेसरने होणार नाही. आणि तिचा खर्च गुणाकाराने वाढत नाही.